पासंग

बाबा तोल्ग्याचे, वाळवंटाच्या उंबऱ्यावरचे.
गिऱ्हाइकासमोर खजूर उन्हात धरायचे :
आतली बी दिसायची,
मधात अडकलेल्या मासोळीसारखी.
"देग्लेत नूर. उजेडाचं बोट. घ्या, चाखा."

आई जुर्जुराच्या डोंगरातली, वर्दिया.
लग्नात तिने आणला जैतुनाच्या तेलाचा बुधला
आणि दोऱ्यात ओवलेली सुकी अंजिरं,
हातभर लांब माळ.
आजीने ती उलटीसुलटी करून विचारलं म्हणे,
"ही खायची, की घालायची?"

तेव्हापासूनचं भांडण.
"तुझं अंजीर माझ्या खजुराच्या
पासंगालाही पुरायचं नाही.
एक खजूर गालात ठेवावा
आणि उंटामागे दिवसभर चालावं."
"उंट आहे कुठे?" आई म्हणायची.
"दारात तर पेजो उभी आहे, तीही ढकलावी लागते."

आईचं म्हणणं,
खजूर चटकन चढतो, चटकन उतरतो,
तुमच्या रागासारखा.
अंजीर पोटात बसून घर सांभाळतं.
रात्री तेलात बुडवून दोन खावीत,
सकाळी माणूस हलका.
"माणूस की बटवा?" बाबा विचारायचे.

मी बातन्याच्या इस्पितळात रक्त तपासते.
एका सुट्टीत तक्ताच नेला घरी,
शंभर ग्रॅमला किती काय.
साखर : खजूर त्रेसष्ट, अंजीर अठ्ठेचाळीस.
बाबांनी टाळी दिली, "हरली ना! कमी गोड!"
तंतू : खजूर आठ, अंजीर दहा.
कॅल्शियम अंजिरात चौपट.
आईने काही न बोलता
गुडघ्यावरचा हात तेवढा हलवला.
"कुठल्या खजुराचे हे आकडे?" बाबा बिथरले.
"माझा एकही गेला नव्हता तिथे."

पोटॅशियमची ओळ मी वाचलीच नाही.
दोन्हींचं जवळपास सारखं होतं,
त्यात भांडायला काय.

पुढच्या हिवाळ्यात बाबांचे पाय सुजले.
नळीवर नाव आलं, लखदर,
माझ्याच यंत्रासमोर.
दोनदा तपासली मी ती नळी.
यंत्राला ओळख नसते.

डॉक्टर सलीहा चष्मा काढून सांगत होत्या,
मूत्रपिंड थकलंय, पोटॅशियम साचतंय.
खजूर बंद.
अंजीरही बंद.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एका पारड्यात,
आणि पारडं दाराबाहेर.

मग आई पुढे झुकली,
तोडक्यामोडक्या अरबीत म्हणाली,
"खजूर तरी द्या हो यांना.
ताकद असते त्यात. एका खजुरावर
माणूस उंटामागे दिवसभर चालतो."
आणि बाबा, खुर्चीचा हात घट्ट धरून,
"नाही नाही, द्यायचंच तर अंजीर द्या.
साखर अठ्ठेचाळीस, तंतू दहा.
कॅल्शियम चौपट आहे, डॉक्टर, चौपट."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.
बाहेर काही नव्हतं. एक रुग्णवाहिका धुत होते.

आता आठवड्यातून तीनदा सुया, यंत्र, चार तास.
डॉक्टरबाईंनी शेवटी सूट दिली,
यंत्रावर जायच्या सकाळी
एक खजूर. मोजून एक.

आई तो सुरीने उभा चिरते, बी काढते,
आणि त्या रिकाम्या जागेत
नखाएवढं अंजीर दाबून बसवते.
"आई, हे चिठ्ठीत नाही."
"काय नाही?" ती म्हणते.
"खजूर एकच आहे, येल्ली. मोज."

बाबा डोळे मिटून चघळतात, खूप वेळ.
अंजिराच्या बिया दाताखाली करकरतात,
मला इथवर ऐकू येतं.
"कसा आहे?" आई विचारते.
बी ते मागून घेतात, गालात ठेवतात,
मग म्हणतात,
"खजूर चांगला आहे.
पासंग थोडा जास्त पडला."